पेनमोर्वाचा वारस

"मुलगा आहे, बाईसाहेब," बाळाला पुसता पुसता मार्गेड सुईण हळूच म्हणाली. "पेनमोर्वाचे नवे लॉर्ड."

नेस्टाने तिचं मनगट घट्ट धरलं. "बाहेर जाऊन सांग, मुलगी झाली."

मार्गेडने कारण विचारलं नाही. घराण्यातले थोरले लॉर्ड होडी उलटून बुडाले, तेव्हा त्यांच्यासोबत सगळ्यात धाकटा भाऊ गेथिन होता. मग लॉर्डपद मधल्या भावाकडे, नेस्टाच्या नवऱ्याकडे आलं. गेल्या वसंतात तो शिकारीला गेला आणि समुद्राकडच्या कड्यावरून पडला. तेव्हाही घरी परतला तो एकटा गेथिन. आता नेस्टाला मुलगा झाला नाही, तर पदवी त्याचीच होती.

दाराबाहेर दोन शब्द बोलणं झालं आणि गेथिन हसतच आत आला. त्याने वाकून दुपट्यातला चिमुकला चेहरा पाहिला.

"वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. आपल्या घरात मुली खूप जगतात."

नेस्टाने दुपटं जवळ ओढलं. तरी तिने आवाज सांभाळला. "मायर नाव ठेवतेय, भावोजी."

"गोड आहे. मी कार्डिफहून चांगली दाई आणलीय. बाळाचं सगळं तीच बघेल."

"आजचं न्हाणं झालंय, साहेब," मार्गेड घाईघाईने म्हणाली.

"असू दे," दाराकडे वळत गेथिन म्हणाला. "उद्या सकाळी माझी दाई घालेल."