टाक्याचा इतिहास

पुण्यात आमच्याकडे पाहुणा आला, की सासरे त्याला सिंहगडावर नेणारच. तिथल्या एका टाक्यापाशी उभं करून सांगणार, “हे आमच्या खापरपणजोबांनी एका रात्रीत खोदलं.” पाहुणा बिचारा दह्याच्या मडक्यांकडे बघत मान डोलावणार.

नागपूरचे मामेसासरे तर हे दरवर्षी ऐकतात. यंदा सासऱ्यांना दम लागला आणि ते दहीवालीपाशीच बसले. मग मामांनी सहलीला आलेले अनोळखी लोक गोळा करून तीच कथा ऐकवली. वर पदरचा एक वाघही घातला.

घोळक्यातल्या एका आजोबांनी चष्मा वर सरकवला. “मी इतिहास शिकवायचो. ही माहिती तुम्हाला कुणी दिली?”

मामांनी अभिमानानं सासऱ्यांकडे बोट दाखवलं. “आमच्या भाऊजींनी.”

सासऱ्यांनी मामांकडे न बघता दह्यात साखर ढवळत मला विचारलं, “सूनबाई, ह्या माणसाला आपण ओळखतो का?”