रिकाम्या काट्यावर साठ किलो

१९९६ साली कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात ऊस तोलायच्या रिकाम्या काट्यावर कॉम्प्युटर दाखवू लागला: ‘रंभाजी, साठ किलो’. काटेवाले रंभाजी तर मागच्याच हंगामात वारले होते.

सिस्टीम मीच लिहिलेली. मेमरीतलं नाव पुसायची प्रोग्राममधली ओळ कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने, परस्पर उडवली होती. पुन्हा कुणी वाचणार नाही, तर पुसायचं कशाला, हा त्याचा शहाणपणा! ओळ सक्तीने बसवली, चिपही बदलली.

तरी साठ किलो.

“मालक लई वाळलं, सायेब,” झाडलोट करणारी रंभाजींची बायको चांगुणाबाई म्हणाली आणि रोज काट्यावर भाकरीचा डबा ठेवू लागली.

आठवड्यात सत्तर किलो झाले. मी हसलो.

ती रिकामा, लख्ख डबा न्याहाळत राहिली.

“सायेब, ह्ये आमचं मालक न्हवंत. त्यांनी जल्मात कंदी डबा धुतला न्हाई.”