पाण्याचं मडकं

"पाणी काय आता ओंजळीत साठवू?" चांगुणाने विचारलं.

देवलाचं तिकडे लक्षच नव्हतं. वैशाखाच्या उन्हात घरातलं थंड पाण्याचं एकुलतं एक मडकं त्याने रिकामं करून अंगणात पालथं घातलं होतं आणि बोटाने टकटक वाजवून ते सुकलं का बघत होता. शेजारी पत्र्यावर ट्रान्झिस्टरचे सेल तापत पडले होते. उतरलेल्या सेलांना ऊन दाखवलं की तास-दोन तास जीव येतो, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

"उद्या नवं मडकं आणतो," तो म्हणाला. "आज मधी मधी करू नको."

साडेबाराला रेडिओच्या परभणी केंद्रावरून चांगुणाचं गाणं लागणार होतं. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी तिला आणि वस्तीतल्या चौघींना महिन्यापूर्वी बोलावून घेतलं होतं, गाणं मशिनीत भरून घेतलं होतं. लागणार ते एकदाच. आणि देवलाचा ट्रान्झिस्टर तळहाताएवढा. कानाला लावावा तर एकाला ऐकू येणार, खाली ठेवावा तर कुणालाच नाही.

मोठा रेडिओ होता तो उत्तमरावांच्या ओसरीवर. गावातली निम्मी जमीन त्यांची. काल वाटेत त्यांनी आपणहून सांगितलं होतं, "उद्या चांगुणीचं गाणं हाय म्हणं. या समदे. चपला फाटकापाशी काढा अन पायऱ्यांखाली बसा, मी आवाज मोठा करतो."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. देवलाही "व्हय मालक" म्हणून मोकळा झाला. पण घरी पोचेपर्यंत ते बोलणं त्याला काट्यासारखं सलायला लागलं. बायको आपली, गाणं तिचं, आणि ऐकायचं दुसऱ्याच्या पायऱ्यांखाली बसून? छे! आपलं गाणं आपल्याच अंगणात वाजलं पाहिजे, आणि तेही दणक्यात.

मग काय, गडी झपाटला. वसमतच्या भंगारातून कधीतरी आणलेला बशीएवढा स्पीकर माळ्यावर पडून होता. त्याचा फाटका कागद त्याने बाभळीच्या डिंकाने पतंगाचा कागद लावून सांधला. ट्रान्झिस्टरमधून दोन तारा ओढून त्याला जोडल्या. आवाज आला, पण पाणी घातलेल्या ताकासारखा पातळ. देवला डोकं खाजवत बसला. तेवढ्यात चांगुणा पाणी घ्यायला मडक्यात वाकली आणि तिथूनच त्याच्या नावाने काहीतरी पुटपुटली. मडकं घुमलं. देवला ताडकन उठला.

आता मडकं सुकलं होतं. स्पीकर त्याच्या तोंडात असा बसला, जणू कुंभाराने मापच घेतलं होतं. कडेच्या फटी बुजवायला देवलाने परातीतलं मळलेलं पीठ उचललं. चांगुणाने कपाळावर हात मारला. उरलेल्या पिठात होतील तेवढ्याच भाकरी आज थापायच्या, असं म्हणून ती हसायलाच लागली.

सेल घातले. खटका दाबला.

मडक्यातून एक भरदार आवाजाचे गृहस्थ बाजारभाव सांगू लागले. दारात आलेली, गाणाऱ्या चौघींतली रुक्माबाई "अगं माय!" म्हणून दोन पावलं मागे सरली. देवलाने मडक्याभोवती चक्क एक गिरकी घेतली. चाळिशीचा माणूस, पण आनंदाला काय वय असतं?

साडेबारापर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. तरटं अंथरली, चुंबळीवर मडकं मधोमध ठेवलं. उत्तमरावही छत्री घेऊन आले. "आमी तिकडं रेडिओ लावून वाट बघून राहिलो, अन तुमी हितं काहून?" असं विचारायला आले होते, पण मडकं बोलताना पाहून कुंपणापाशीच थबकले.

"सादर करत आहेत चांगुणाबाई आणि सहकारी," मडकं म्हणालं.

चांगुणाबाई! गावात आजवर तिला बाई कुणी म्हटलं नव्हतं. चांगुणाने पदर तोंडात धरला. आणि तिचाच आवाज मडक्यातून उठला:

पिंपळाच्या पानावरती चांदणं उतरलं...

"चांदणं उतरलं!" रुक्माबाईने लगेच झील धरली. उरलेल्या तिघी तिच्यामागून सुटल्या. मडकं बिचारं त्यांच्या आवाजात बुडून गेलं.

"अगं गप ऱ्हावा!" देवला ओरडला. "तुमचंच गाणं हाय, ऐका की!"

"तिनं म्हणावं अन आमी झील धरू न्हाई?" रुक्माबाई उसळली. "एकलं सोडावं तिला?"

आणि पुन्हा सुरू. सकाळपासूनची मेहनत पाण्यात चाललेली बघून देवला रडकुंडीला आला. एकदाच लागणारं गाणं, अर्धं संपलंसुद्धा.

"चांगुणाबाई," कुंपणापासून आवाज आला. सगळे एकदम गप्प झाले. उत्तमराव टाचा उंचावून बघत होते. "जरा ऐकू द्या की. मला हितं काईच ऐकू येईना."

चांगुणाने तोंडातला पदर काढला.

"लांब उभं राहून कसं ऐकू येईल, भाऊ?" ती म्हणाली. "मधी या."

रुक्माबाईने सरकून तरटावर जागा केली. उत्तमरावांनी छत्री मिटली. क्षणभर ते तिथेच उभे राहिले. मग कुंपणापाशी चपला काढून आत आले आणि मांडी घालून बसले.

शेवटचं कडवं लागलं होतं. देवलाने चुंबळीवरचं मडकं हलक्या हाताने त्यांच्याकडे थोडं कलतं केलं.