स्वच्छ गोठा

खाण्यासाठी पाळलेल्या जनावराच्या अंगात बाहेरून दिलेल्या संप्रेरकाचा अंशही सापडता कामा नये, याबाबत सबंध युरोपचं एकमत आहे. युरोपचं इतकं एकमत सहसा कशावर होत नाही. त्या एकमताची अंमलबजावणी करायला सरकारी पशुवैद्य ओर्नेल्ला सकाळपासून देल्फिनोच्या गोठ्यात लांब दांड्याला बांधलेला पेला धरून उभी होती, आणि बैल मुतत नव्हता.

इटलीतल्या पिएमोंतेच्या त्या टेकड्यांत जनावराला मुतवायचं तर शीळ घालतात. देल्फिनो मघापासून शीळ घालत होता. बैल शांतपणे रवंथ करत होता. ओर्नेल्लाला मात्र त्या शिळेपायी दोनदा घरात जाऊन यावं लागलं होतं.

बैलाचं नाव बारोन. नाताळाच्या आधी भरणाऱ्या बैलांच्या जत्रेत यंदा त्याच्याच पाठीवर मानाची झूल पडणार, असं गावानं ठरवून टाकलं होतं. पण जत्रेआधीच्या तपासणीत त्याच्या लघवीत बंदी असलेल्या संप्रेरकाचा अंश निघाला. आता दुसरा नमुना घ्यायचा होता. तोही तसाच निघाला आणि कारण सांगता आलं नाही, तर बैल मारून जाळायचा, गोठ्याला टाळं ठोकायचं आणि देल्फिनोनं कोर्टात उभं राहायचं.

कारण एक असू शकत होतं, आणि ते ओर्नेल्लानं त्याला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. मक्याला एक बुरशी लागते. तिचं विष बैलाच्या पोटात गेलं की तिथं त्या विषाचंच हे संप्रेरक बनतं. तिनं बैलाचे दोन्ही कान चाचपले होते. कातडीखाली गोळी रोवल्याची गाठ कुठं नव्हती. त्यामुळं तिला स्वतःला बुरशीचाच संशय होता. फक्त बुरशी दाखवायला हवी होती.

"माझ्या कणगीत बुरशी नसते," देल्फिनो म्हणाला.

"काका, नीट विचार करून बोला. बुरशी नसेल तर ते औषध तुम्ही टोचलंत असं होतं."

देल्फिनोनं विचार केला. गुत्त्यात बसून आयुष्यभर त्यानं एकच गोष्ट सांगितली होती: आपल्या कणगीतला मका सगळ्या टेकड्यांत कोरडा. इतका कोरडा, की बैल आणि घरची माणसं एकाच कणगीतलं खातात. या गोष्टीवर त्यानं किती जणांना हिणवलं होतं याचा हिशेब त्याच्याकडे नव्हता, त्या लोकांकडे होता. तुरुंगात जाऊन आलेली माणसंही त्या गुत्त्यात बसत. सडका मका खाऊ घालणारं अजून कुणी बसलं नव्हतं.

"नसते," तो म्हणाला आणि पुन्हा शीळ घालायला लागला.

ओर्नेल्लानं निदान कणगी तरी दाखवा म्हटलं. कणगी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हे, झाडून, धुऊन, आतून चुना फासलेली. गोठ्यालाही चुना दिला होता. सरकारी माणूस येणार असं कळल्याबरोबर देल्फिनोनं दोन दिवस खपून हे केलं होतं. पाद्री जनावरांवर तीर्थ शिंपडायला यायचा तेव्हा त्याची आईही असंच करायची. पाहुण्याला घाण दाखवायची नाही. मका उकिरड्यावर गेला होता, आणि उकिरडा शेतात.

एवढी स्वच्छता ओर्नेल्लानं औषधं टोचणाऱ्यांच्याच गोठ्यात पाहिली होती. दांडा तिनं दुसऱ्या खांद्यावर घेतला.

दारात देल्फिनोची बायको क्लेलिया केव्हाची उभी होती. हात ओले, पोटाशी कापडी पिशवी धरलेली.

"बुरशी होती," ती म्हणाली. "गुलाबी. ऑक्टोबरभर धुकं होतं, कणसं ओलीच भरली यानं. मी सांगितलं तर म्हणाला, तुला रंग कळत नाहीत."

"क्लेलिया, गप्प बस."

"गप्पच होते. आता तू तुरुंगात गेलास तर ही जनावरं मी एकटीनं बघू? माझे गुडघे बघ आधी." तिनं पिशवी पुढं केली. त्याच कणगीतल्या मक्याचं पीठ होतं, पोलेन्तासाठी, म्हणजे रोजच्या घाट्यासाठी, गिरणीतून दळून आणलेलं. डॉक्टरीणबाईंना चालेल का, असं तिनं विचारलं.

चालेल, असं ओर्नेल्ला म्हणाली. देल्फिनो तोंड फिरवून नव्या चुन्याकडे बघत राहिला. कुणाचंच लक्ष नसताना बारोननं शेपूट उचललं. ओर्नेल्ला धावली, निम्मं तिच्या बुटांत गेलं, उरलेलं बाटलीपुरतं झालं.

तिनं पिठाचा नमुना वेगळा बांधला. निकाल येईपर्यंत बैलाला फक्त सुकं गवत द्यायचं, मक्याचा दाणाही नको, असं बजावलं. देल्फिनोनं मान हलवली. शीळ घालून त्याचे ओठ सुजले होते.

"आणि आम्ही?" क्लेलियानं विचारलं. "नोव्हेंबरपासून रोज रात्री आम्ही हेच खातोय."

ओर्नेल्लानं बाटलीचं बूच घट्ट केलं.

"माझ्याकडे फक्त विकायची जनावरं येतात, काकू," ती म्हणाली.