नाव दिलं, नाव घेतलं

"काका, तुमचं नाव मला द्या," कालेनो म्हणाला.

ओरूपा जाळं विणत बसला होता. त्याचा हात थांबला. "आणि तुझं?"

"माझं तुम्ही घ्या. कसलं का असेना."

"फुकट मिळतंय म्हणून काय वाट्टेल ते घेऊ?" म्हातारा हसला. "काय झालंय ते रड आधी."

झालं होतं ते अख्ख्या हिवारू बेटाला ठाऊक होतं. उगवतीच्या किनाऱ्याची प्रमुख तेफाना. नवरा गेल्यापासून तो किनारा तिच्याच शब्दावर चाले. तिने नवी होडी बांधून घेतली ती मावळतीच्या कालेनोकडून, कारण होडी बांधावी तर त्यानेच. पण पाण्यात लोटल्यावर होडी जरा कलली. सगळे गप्प राहिले. कालेनोच्या जिभेला मात्र हाड नाही.

"होडी सरळच आहे," तो म्हणाला. "मालकिणीने जरा मधोमध बसावं."

लोक पोट धरधरून हसले. तेफाना तरातरा कमरभर पाण्यात उतरली, ओंजळीत समुद्र घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "या कालेनोला मी माझी मुलगी देणार नाही!"

गड्याने मुलगी अजून मागितलीही नव्हती. पण त्याचं आणि त्या मुलीचं, मोएताचं, काय चाललंय, ते आईला बरोबर ठाऊक होतं.

ओंजळीतली शपथ म्हणजे शपथ. ती मोडली तर मासे खडक सोडून निघून जातात, असं आपले थोरले सांगत. मोडून बघायची कुणाची छाती नव्हती. आणि तेफानाला तर शपथा घ्यायला समुद्र पुरत नसे. माकूळ खाणार नाही ही एक. जावेच्या दारात पाय ठेवणार नाही ही एक. ओरूपाशी जन्मात बोलणार नाही ही आणखी एक. ओरूपा पडला मावळतीचा प्रमुख. त्यामुळे दोन किनाऱ्यांचा सगळा व्यवहार तिसऱ्याच्या तोंडून. "त्यांना म्हणावं, मीठ पाठवा." "त्यांना म्हणावं, आधी कंद पाठवा." बेट मेलं वीतभर, आणि त्याचे दोन देश!

होडीवरचा राग कधीच ओसरला होता. तेफाना त्याच होडीतून मजेत फिरे, तीही मधोमध बसून. "पोरगा गुणाचा आहे गं," ती मोएताला म्हणे, "माझंच तोंड मेलं!" मोएताने सांगून टाकलं होतं, लग्न करीन तर त्याच्याशी, नाहीतर जन्मभर तुझ्या उरावर बसेन.

म्हणून कालेनो नाव मागत हिंडत होता. हिवारूवर दोन माणसं एका पानावर जेवून नावं बदलत. नावाबरोबर सगळं जाई. घरदार, होडी, सोयरेधायरे, मान, भांडणं, सगळं.

"माझ्याआधी कुणाला विचारलंस?" ओरूपाने विचारलं.

"सगळ्यांना. कुणाची बायको नको म्हणते, कुणाची आई. तुम्ही एकटे."

"म्हणजे उरलंसुरलं म्हणून मी!"

"तसं नाही काका. पण तुमचं प्रमुखपण जाईल, ते माझ्याकडे येईल. रागावू नका, मी आपला विचारून बघतोय."

"उद्याच बसू जेवायला," ओरूपा म्हणाला.

कालेनोच दचकला. "अहो, जरा विचार तर करा!"

"केलाय."

"मोएतावरचा जीव तेवढा मी माझ्याकडेच ठेवणार हं."

"ठेव रे बाबा."

मावळतीला एकच कालवा झाला. ओरूपाच्या बहिणीने कपाळावर हात मारून घेतला. "डोकं फिरलंय याचं! परक्या पोराच्या लग्नापायी कुणी प्रमुखपण सोडतं?"

"तरुणांचं भलं व्हावं," ओरूपा साळसूदपणे म्हणाला आणि पानावरचा भाजलेला नीरफणस कालेनोपुढे सरकवला. दोघे जेवले. नाव दिलं, नाव घेतलं.

तेफानाला आनंद मावेना. "कालेनोला द्यायची नव्हती," ती सगळ्यांना ऐकवत सुटली. "ओरूपाला द्यायला माझी कुठं ना आहे?"

"आणि ती दुसरी शपथ?" जावेने टोमणा मारला. "आता जावयाशीच अबोला की गं!"

"बरंच आहे. सासू-जावई बोलले नाहीत तर संसार सुखाचा होतो."

लग्नाला दोन्ही किनारे पहिल्यांदाच एका पंगतीला बसले. ढोल वाजले, मासे भाजले, म्हाताऱ्यासुद्धा नाचायला उठल्या. मोएताला नवऱ्याबरोबर नाचताना पाहून तेफानाचे डोळे भरून आले. असा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात स्वच्छ आंघोळ केलेला, कानामागे फूल खोवलेला म्हातारा तिच्याशेजारी येऊन बसला. तिने सवयीने तोंड फिरवलं. मग एकदम काहीतरी लक्षात आलं आणि तिने हळूच मान वळवली.

"काय रे... कालेनो," ती म्हणाली.

"किती वर्षांनी बोललीस!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "एक विचारायचं होतं. तरुणपणी धीर झाला नाही."

"तेव्हाच विचारलं असतंस तर अबोला धरला असता का मी?"

"आता विचारतो. माझ्याशी लग्न करतेस?"

तेफाना कानापर्यंत लाल झाली. हसू दाबत तिने त्याच्या दंडावर एक चापटी मारली. "लाज नाही वाटत? कालेनोच्या नावाने अख्ख्या बेटासमोर शपथ घेतलीय मी!"

"मुलगी देणार नाही, अशी घेतलीयस," म्हातारा म्हणाला. "आईचं कुठं काय बोललीस?"