फ्लॉपीतलं नाटक

"बाबा, फ्लॉपी वाचली जातेय हो! ऐका, कुरकुरतेय," मेघना ओरडली आणि जयवंतराव दचकले.

सुनेने लॅमिंग्टन रोडवरून फ्लॉपी वाचायचा ड्राइव्ह आणला होता, डब्याच्या झाकणाएवढा. तो लॅपटॉपला जोडून ती पलंगावर मांडी घालून बसली होती. शेजारी सासूबाई, सुभद्राबाई. जयवंतराव पलीकडे, कपाट आणि खिडकीच्या बेचक्यात खुर्ची टाकून. उठायचं तर पलंगावर चढूनच जावं लागलं असतं. आणि जाणार तरी कुठे? लालबागच्या चाळीत बातमी काय खोलीत राहते होय! जयवंतरावांचं हरवलेलं नाटक मिळणार म्हणून अख्खा मजला दारात उभा होता.

हे नाटक चाळीत कुणी वाचलं नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. सत्त्याण्णव साली जयवंतराव ऑफिस सुटल्यावर तिथल्या कॉम्प्युटरवर ते टाइप करत बसायचे. गणपतीत चाळीच्या स्टेजवर ते होणार होतं. पात्रं ठरली, पडदे सांगून झाले, नायक होणाऱ्या दौलतने मिशासुद्धा वाढवल्या. "शेवटचा प्रवेश तेवढा राहिलाय," असं जयवंतराव महिनाभर सांगत होते. आणि तालमीच्या आदल्या दिवशी सुभद्राबाईंनी फ्लॉपी हरवू नये म्हणून लोखंडी कपाटाला लावून ठेवली. चुंबकाने! जयवंतराव ती घेऊन ऑफिसात गेले आणि कपाळाला हात लावून परत आले. "कोरी झाली," म्हणाले. तेव्हापासून भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय तिथेच जायचा. "हिने खाल्लं माझं नाटक. नाहीतर आज मी कुठे असतो!" पाहुणा असो, व्याही असो, चहाबरोबर ही कथा ठरलेली. सुभद्राबाई मान खाली घालून कप उचलायच्या.

मेघनाला ते बघवेना. ती दादरला छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवते, जुने मराठी फॉन्ट तिच्या रोजच्या हाताखालचे. "एवढ्याशा चुंबकाने काही होत नाही, बाबा. मी काढून देते तुमचं नाटक," ती म्हणाली. तेव्हा आधी सुभद्राबाईच घाबरल्या. "जाऊ दे गो. कशाला जुनं उकरतेस?" जयवंतरावांना तर नाही म्हणायची सोयच नव्हती. ज्याच्यासाठी जन्मभर गळा काढला, ते समोर येतंय म्हटल्यावर नको कसं म्हणायचं?

आणि खरी गोम ही, की फ्लॉपीत नाटक नव्हतंच. वर नाव होतं, खाली पात्रांची यादी आणि मग 'पडदा उघडतो'. बस. पुढे जयवंतरावांना एक वाक्य सुचलं नव्हतं. रोज संध्याकाळी रिकाम्या ऑफिसात ते त्या दोन शब्दांकडे बघत बसायचे आणि घरी येऊन "आज मस्त रंगलं" म्हणायचे. हे त्यांनी जगात कुणालाही सांगितलं नव्हतं.

"आमच्या ऑफिसात अशा दहा-बारा फ्लॉप्या ओळीने घातल्या की एक गेम चढायचा," दारातून दौलत म्हणाला. आता त्याला टक्कल पडलं होतं, पण डोळे चमकत होते. "काय मजा होती राव! ती पत्र्याची झडप टकटक वाजवत बसायचो आम्ही. जयवंतराव, यंदा गणपतीत करूनच टाकू. मी आता बापाचं काम करीन, काय?"

जयवंतराव कसंबसं हसले. आत्ता लाइट जावेत, असं त्यांना मनापासून वाटलं. पण हवे तेव्हा जातील ते लाइट कसले!

"उघडली!" मेघना म्हणाली. "थांबा, फॉन्ट लावते."

स्क्रीन बायकांकडे होता. जयवंतरावांना दिसत होती ती लॅपटॉपची पाठ आणि दोघींची तोंडं. मेघनाचं हसू हळूहळू विरलं. तिने खाली-वर करून बघितलं, पुन्हा बघितलं. "आई, हे तर..."

जयवंतरावांनी डोळे मिटले. इतकी वर्षं बायकोला चारचौघांत सुळावर दिलं, आता त्याच चारचौघांत आपली पाळी. लाज वाटली त्यांना. भीती त्याहून जास्त वाटली.

सुभद्राबाईंनी चष्मा काढला आणि लॅपटॉप मिटला.

"गेलंय हो सगळं," त्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाल्या. "नुसत्या रेघोट्या आहेत. माझ्याच हाताने गेलं ते."

दारात हळहळ झाली. "च्यायला!" दौलत म्हणाला. "काकी, तुम्ही पण ना!" असं मागून कुणीतरी बोललंच. हळूहळू लोक पांगले. मेघना सासूकडे बघत राहिली, मग ड्राइव्ह उचलून बाहेर गॅलरीत गेली.

खोलीत दोघंच उरली. जयवंतराव अजून खुर्चीतच होते.

"तू... वाचलंस?"

"आज कुठे! तेव्हाच वाचलं होतं." सुभद्राबाई चादरीच्या चुण्या काढू लागल्या. "मला मेलीला कौतुक, सगळ्यांच्या आधी वाचायचं होतं. खाली कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचा क्लास होता ना, तिथल्या पोरीकडून उघडून घेतलं. तीच म्हणाली, काकी, चुंबकाजवळ नेऊ नका हां, कोरी होते. घरी आले नि लावली."

"मुद्दाम?"

"मग काय करणार? दुसऱ्या दिवशी तालीम. तुमचं तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, माझ्यावर ढकलून सुटाल. वर्षभर बोलाल नि विसराल." त्यांनी चादर सोडली आणि नवऱ्याकडे थेट बघितलं. "जन्मभर बोलाल, असं कुठे ठाऊक होतं मला?"