अंगठ्याची नोकरी

"बाबा, अंगठा उठवण्याआधी तुम्ही प्रोग्रॅम वाचता तरी का?" बाबा वाचत नसणार अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मृण्मयीने जेवताजेवता विचारूनच टाकलं.

प्रोग्रॅम आता यंत्रंच लिहीत. कायद्याला फक्त एका माणसाचा अंगठा लागायचा, आणि बाबांची नोकरी तीच होती.

"पूर्वी वाचायचो गं," बाबा थकून म्हणाले. "आता दिवसाला नऊशे येतात, आणि एकातलंही काही कळत नाही. आज धरणाच्या दरवाजांचा मंजूर केला."

आईचा घास हातातच राहिला. "उद्या हिच्या कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख. आणि हिनेही कम्प्युटर सायन्सच घ्यायचं? अंगठा काय, कुणीही उठवेल!"

"आई, मी तेच घेणार," मृण्मयी म्हणाली. "आणि सगळ्यात आधी तो धरणाचा वाचून काढणार."